पोर हातचे जाण्याआधी

(शाळेच्या पटांगणात भरलेल्या पालकांच्या सभेतील भाषण)



कुणी जाळे वाळत टाकून, कुणी शेतातले काम अर्ध्यावर सोडून आज इथे आलात. तुमचा वेळ मोलाचा आहे याची मला जाणीव आहे. मी डॉक्टर नाही आणि कीर्तनकारही नाही. मी एक साधा शाळामास्तर. नोकरीची बरीच वर्षे बडोद्यास काढली. तिथे जे पाहिले आणि त्यातून जे शिकलो, तेवढेच तुमच्यापुढे ठेवणार आहे. विषय आपल्या पोरांचा आहे. ती व्यसनापासून दूर कशी राहतील, आणि एखादे वाकड्या वाटेला लागलेच तर आईबापांनी काय करावे, हा आजचा विषय.

खाजनाचा बांध कसा फुटतो ते तुम्हाला मी सांगायला नको. भरतीच्या एका लाटेने तो फुटत नाही. आधी कुठेतरी खेकडा बीळ करतो. त्यातून खारे पाणी झिरपते. जो रोज बांधावरून फेरी मारतो त्याला ती ओल दिसते, आणि चार पाट्या चिखलावर काम भागते. जो फेरी मारत नाही त्याला एके दिवशी सगळे शेत खारटलेले दिसते. मग तो खेकड्याला शिव्या देतो. पोरांचेही तसेच आहे. व्यसन एका रात्रीत घरात शिरत नाही. बीळ आधी पडलेले असते, आपली फेरी चुकलेली असते.

आता बडोद्याकडे वळू. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. हा राजा जन्माने शेतकऱ्याचा मुलगा. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावी १८६३ साली जन्मला आणि १८७५ साली दत्तक जाऊन गादीवर बसला. त्याने १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो कायदा सगळ्या राज्याला लावला. त्या कायद्यात एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मूल शाळेत आले नाही, तर दंड मुलाला नव्हता, बापाला होता. पोर कुठे आहे, काय करते, याची जबाबदारी कुणाची, हे त्या राजाने इतक्या सरळपणे ठरवून टाकले. १९१० सालापासून त्याने गावोगाव वाचनालये काढण्याचे काम हाती घेतले. दिवेलागणीला पोराने जायचे कुठे, या प्रश्नाचे ते एक उत्तर होते.

दुसरे उत्तर म्हणजे तालीम. बडोद्यास जुम्मादादा व्यायाम मंदिर म्हणून नावाजलेला आखाडा आहे. जुम्मादादा हे मुसलमान उस्ताद. त्यांचे शिष्य प्रोफेसर माणिकराव हिंदू. गुरूच्या पश्चात शिष्याने तो आखाडा गुरूच्याच नावाने वाढवला. कुस्ती, मल्लखांब, लाठी, लेझीम यांनी तिथली माती तुडवून निघाली. त्याच बडोद्यातून दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांचा मराठी व्यायाम ज्ञानकोश दहा खंडांत निघाला. आखाड्यात जाणाऱ्या मुलाला उस्ताद काय विचारायचा? काल का आला नाहीस? एवढेच. पण बापाशिवाय आणखी एक माणूस हा प्रश्न विचारतो, हे मुलाला ठाऊक असे. हा प्रश्न विचारणारे जितके जास्त, तितके पोर सुरक्षित.

हे झाले एक बडोदे. आता दुसरे ऐका.

गुजरातेत १९६० साली राज्य झाल्यापासून दारूबंदी आहे. तरीही गावठी विषारी दारूने माणसे मेली. २००९ साली अहमदाबादेत मेली, २०२२ च्या जुलैत बोटाद भागात मेली. आणि त्याच २०२२ च्या ऑगस्टमध्ये बडोद्याजवळ सावली तालुक्यातल्या मोक्सी गावी एका कारखान्यावर दहशतवादविरोधी पथकाने छापा घातला. तिथे सुमारे २२५ किलो एमडी सापडले. पोलिसांनी किंमत लावली १,१२५ कोटी रुपये. म्हणजे किलोला पाच कोटी. नोव्हेंबर संपता संपता बडोद्याजवळच्याच सिंधरोट गावी आणखी सुमारे ६३ किलो सापडले. हे एमडी म्हणजे मेफेड्रोन. ते शेतात पिकत नाही, झाडाला लागत नाही. रसायनांच्या पिंपांतून बनते. आपल्या देशात २०१५ पासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली त्यावर बंदी आहे. महाराष्ट्रातही हेच चालले. २०२४ च्या फेब्रुवारीत पुणे जिल्ह्यातल्या कुरकुंभला असाच साठा पकडला गेला.

मोक्सी काही मुंबई नव्हे. ते खेडे आहे. असला माल शहरात बनतो, शहरातली पोरे घेतात, आमच्या गावाला त्याचे काय, असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

दारूबंदी असावी की नसावी, हा वाद मी आज घालणार नाही. मला एवढेच दाखवायचे आहे की, जिथे कायद्याने बंदी आहे तिथेही माल पोचतो. कायदा हे कुंपण आहे, आणि कुंपण हवेच. पण कुंपण घातले म्हणून कुणी राखण सोडत नाही.

मच्छीमार बांधवांना यात एक वेगळी गोष्ट सांगायची आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये रत्नागिरी जिल्ह्यात दापोलीच्या किनाऱ्यावर चरसाची पाकिटे वाहत आली. सीमाशुल्क खात्याने आणि पोलिसांनी ती दिवसचे दिवस गोळा केली. असे पाकीट उद्या तुमच्या जाळ्यात येऊ शकते, तुमच्या पोराला पुळणीवर सापडू शकते. ते फोडू नका, हुंगू नका, घरी आणू नका, 'बघू काय मिळते' म्हणून कुणाला दाखवू नका. जागच्या जागी ठेवून पोलिसांना कळवा. एक किलोपेक्षा जास्त चरस जवळ सापडला, तर कायद्यात निदान दहा वर्षांची सक्तमजुरी आहे आणि ती वीस वर्षांपर्यंत जाऊ शकते. वर निदान एक लाख रुपये दंड. एका पाकिटापायी होडी जाईल, घर जाईल, आणि म्हातारपणी पोराला तुरुंगात भेटायला जावे लागेल.

दुसरे असे की, माल पोचवायला लहान पोरांना पुढे करण्याची या धंद्याची जुनी रीत आहे. 'ही पिशवी तेवढी त्या दुकानात दे, पन्नास रुपये घे,' अशी सुरुवात होते. अशा कामाला मूल वापरणाऱ्याला २०१५ च्या बालन्याय कायद्याने सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. मुलाला दारू, तंबाखू किंवा नशेची वस्तू देणाऱ्यालाही तीच शिक्षा. तेव्हा मुलाच्या खिशात न कमावलेला पैसा दिसला की, तो कुठून आला हे विचारायला लाजू नका.

आता थोडे कडू बोलतो, रागावू नका.

पूर्वी मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या आया तान्ह्या पोराला अफूची बाळगोळी देत. पोर झोपून राही, आई कामावर जाई. त्या माऊलीला दोष देणारे आपण कोण? पोट होते म्हणून ती तसे करी. पण आज आपण काय करतो? पावसात भिजून आलेल्या पोराला ब्रँडीचा चमचा पाजतो. पोराला हाक मारून सांगतो, 'जा रे, बाटली घेऊन ये.' चंची पुढे करून म्हणतो, 'जरा चुना लाव बघू.' जत्रेत, लग्नात, होडी पाण्यात लोटताना पेला फिरतो आणि बाजूला उभे राहून पोर बघते. पोर बोललेले ऐकत नाही, केलेले बघते. तंबाखू विकायला अठरा वर्षांची अट आहे, शाळेपासून शंभर यार्डांत ती विकता येत नाही, हा कायदा २००३ सालचा. पण घरातल्या चंचीला शंभर यार्डांचे अंतर कोण घालणार?

बडोद्यास दांडिया बाजारात आमच्या बिऱ्हाडाशेजारी एक मराठी कुटुंब राहत होते. नाव सांगत नाही. मुलगा माझ्याच वर्गातला, हुशार, मल्लखांबावर वेल चढावी तसा चढणारा. नववीत तालीम सुटली. बापाने विचारले नाही, कारण 'अभ्यास वाढला' हे उत्तर तयार होते. मीही विचारले नाही, आणि याची टोचणी मला आजही आहे. दारू सहज मिळत नव्हती म्हणून पोरे खोकल्याचे औषध बाटलीबाटलीने पीत होती. घरात रिकाम्या बाटल्या निघाल्या तेव्हा आईला वाटले, पोराला खोकला आहे. तिने त्याला हळदीचे दूध दिले! पुढे गोळ्या आल्या, मग ब्राऊन शुगर आली. आईच्या पाटल्या गेल्या. बापाने पट्ट्याने मारले आणि एका रात्री घराबाहेर काढले. तीन दिवसांनी आईने त्याला स्टेशनावरून शोधून आणले. मग नातेवाईक जमले आणि म्हणाले, लग्न करून द्या, जबाबदारी पडली की सुधारेल.

हे शेवटचे वाक्य आपल्याकडेही मी फार ऐकतो. बंधूंनो, व्यसन हा आजार आहे. टायफॉइड झालेल्या पोराचे तुम्ही लग्न लावाल काय? एका परक्या मुलीचा जन्म औषध म्हणून वापरण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

त्या आईने लग्न मोडून काढले. घरात सगळ्यांशी वैर घेतले. पोराला घेऊन ती उपचाराला गेली. पहिल्या खेपेला तो बरा होऊन आला आणि चार महिन्यांत पुन्हा घसरला. बाप म्हणाला, पैसे पाण्यात गेले. आई पुन्हा घेऊन गेली. दुसऱ्या खेपेला बापही बरोबर गेला, तिथे बसला, आणि स्वतःची तंबाखू त्याने तिथे सोडली. मुलगा आज कामाला लागला आहे. पण त्याची ऐन उमेदीची सहा वर्षे गेली ती गेलीच. मल्लखांब पुन्हा झाला नाही.

आता तुम्ही विचाराल, ओळखायचे कसे? एका खुणेवरून पोराला चोर ठरवू नका. वयात येणारी पोरे तशीही चिडतात, कोपऱ्यात बसतात. पण काही गोष्टी एकदम बदलल्या आणि बदललेल्याच राहिल्या, तर सावध व्हा. जुने सोबती तुटले, नवे घरी येत नाहीत. रात्रभर जाग, दिवसभर झोप. भूक गेली, अंग उतरले. घरातले पैसे, भांडी, जाळ्याची शिसे नाहीशी होऊ लागली. डोळे सतत लाल, किंवा बोलता बोलता पेंग. गादीखाली जळकी चांदी, कपड्याला सोल्युशनचा वास. सोल्युशन आणि व्हाईटनर क्षुल्लक समजू नका. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या सरकारी पाहणीत असे दिसले की, हुंगण्याची ही नशा मोठ्या माणसांपेक्षा १० ते १७ वर्षांच्या पोरांत जास्त आहे. मोठ्यांत ०.५८ टक्के, पोरांत १.१७ टक्के, म्हणजे दुप्पट. स्वस्त असते, दुकानात मिळते, म्हणून पोरांच्या हाती आधी तेच लागते. आणि माणसाचा मेंदू पंचविशीपर्यंत घडत असतो. जितक्या कोवळ्या वयात नशा सुरू होते, तितकी ती सुटायला कठीण जाते.

खूण पटली तर काय करायचे? आधी काय करायचे नाही ते सांगतो. नशेत असताना भांडू नका, सकाळी शुद्धीवर असताना बोला. चारचौघांत अब्रू काढू नका. मारू नका, बांधून घालू नका. 'गुपचूप जेवणात घाला' म्हणून पुड्या विकणाऱ्यांच्या नादी लागू नका. त्याची कर्जे फेडू नका, त्याच्यासाठी खोटे बोलू नका, कारण त्याने त्याचीच सोय होते. आणि रोज भरपूर दारू पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका. हात कापतात, भास होतात, फिट येते, प्रसंगी जीव जातो. तिथे डॉक्टरच हवा.

मग करायचे काय? लपवणे सोडा आणि डॉक्टर गाठा. सरकारी इस्पितळात मनोविकार विभाग असतो, तिथे जाण्यात कमीपणा नाही. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी दूरध्वनी आहे, त्याला पैसे पडत नाहीत. पुण्यास मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी ते १९८६ साली सुरू केले आणि त्याला पु. ल. देशपांडे व सुनीताबाईंनी मदतीचा हात दिला. आजार एकट्याचा नसतो, घराचा असतो, म्हणून उपचारात घरच्यांनीही बसावे लागते. ज्या केंद्रात मारहाण होते, कोंडून ठेवतात, घरच्यांना भेटू देत नाहीत, तिथे पोराला ठेवू नका. पोलिसांची भीती वाटते म्हणून पुष्कळ आईबाप गप्प बसतात. त्यांनी हे लक्षात घ्यावे की, केवळ सेवनाचा किंवा अल्प प्रमाणात माल बाळगल्याचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचाराला गेला आणि त्याने उपचार पुरा केला, तर त्याला खटल्यापासून सूट देण्याची तरतूद कायद्यातच आहे. आणि पोर पुन्हा घसरले तर हात टेकू नका. मलेरिया उलटतो, तेव्हा आपण रोग्याला टाकतो काय?

पण बांध फुटल्यावरच्या डागडुजीपेक्षा रोजची फेरी सोपी. ती फेरी कशी मारायची? दिवसातून एकदा तरी पोरांबरोबर जेवा. होडीवर असाल तेवढे दिवस सोडा, घरी असाल तेव्हा तरी बसा. त्या वेळी गुणांची, फीची, उधारीची गोष्ट काढू नका. त्याचे ऐका. त्याच्या चार सोबत्यांची नावे आणि घरे ठाऊक असू द्या. ते घरी आले तर चहा द्या. पोर होडीवर जाऊन चार पैसे मिळवू लागले, तर सगळे रोख हाती न ठेवता त्याच्या नावाने खाते उघडा. त्याने खरे सांगितले तर त्या खऱ्याला मार देऊ नका, नाहीतर पुढल्या वेळी तो खोटे सांगायला शिकेल. आणि मुलींना यातून वगळू नका. त्यांच्यावरही हे संकट येते, फक्त घर ते जास्त लपवते.

शेवटची गोष्ट गावाने मिळून करायची आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. जाळी विणायची तेवढी विणून झाली की, किनाऱ्यावरचे तरुण हात रिकामे असतात. कापणी-मळणी उरकली की शेतकऱ्याच्या पोरांचे तसेच. रिकाम्या हातात पहिली वस्तू कोण देतो, यावर सगळे अवलंबून आहे. बडोद्याच्या राजाकडे खजिना होता, आपल्याकडे नाही. पण मल्लखांबाला एक खांब लागतो, वाचनालयाला एक कपाट लागते, फुटबॉलला हे पटांगण आहेच. लागतो तो रोज संध्याकाळी हजर राहणारा आणि 'काल का आला नाहीस?' असे विचारणारा एक माणूस. तो माणूस सरकार पाठवणार नाही. तो आपल्यातूनच निघायला हवा. माझी पेन्शन आहे, संध्याकाळ मोकळी आहे. पहिले नाव माझे लिहून घ्या. सभा संपल्यावर मी इथेच पायरीवर वही घेऊन बसतो. आणखी चार नावे मिळाली, तर येत्या सोमवारी खांब पुरू.

आणि आज घरी गेल्यावर एवढे करा. पोर कुठे आहे ते बघा. घरी असेल तर त्याच्याजवळ बसा. नसेल तर वाट बघा, आणि आल्यावर न ओरडता विचारा, 'जेवलास का रे?' बोलणे तिथून सुरू होते.